डेस्कटॉप मध्येच मान टाकतो. एसएमपीएस बदलून झाला, तरी तेच

मुद्रितशोधिका:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण पहिल्याच उत्तरात "डिटेल द्या" असं कुणी म्हणू नये म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

मी पुस्तकांची मुद्रितं तपासते आणि पानांची मांडणी करून देते. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. दिवसभर पीडीएफ, मांडणीचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझरमध्ये पाच-पंचवीस टॅब, एवढाच मशीनवरचा भार. आणि हे मशीन मध्येच बंद पडतं. हँग होत नाही, निळा पडदा येत नाही, कसला संदेश नाही. चाललंय चाललंय आणि खलास.

मशीनची कुंडली: रायझन ५६०० प्रोसेसर, सोबत आलेलाच कूलर, ८ जीबीच्या दोन रॅम, बेताचं ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटचा एसएमपीएस (म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), विंडोज ११. ओव्हरक्लॉकिंग वगैरे शून्य. कॅबिनेट टेबलाखाली, माझ्या डाव्या पायाशी.

आतापर्यंत झालेले उपाय: धूळ काढली, प्रोसेसरची थर्मल पेस्ट नवी लावली, रॅम काढून पुन्हा बसवल्या, रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली (एकही एरर नाही), विंडोज नव्याने टाकलं. शेवटी एसएमपीएस बदलला, तोही चांगल्या प्रतीचा. फरक काडीचा नाही.

आता खरी गंमत. दुरुस्तीवाल्याकडे दिलं तेव्हा त्याने दोन्ही बाजूंचे पत्रे काढून मशीन आडवं ठेवलं आणि दिवसचे दिवस चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. "मॅडम, मशीन एकदम ओके आहे" म्हणून परत दिलं. घरी आणलं, पत्रे लावले, जागेवर ठेवलं, आणि संध्याकाळच्या आत बंद.

माझा धंदाच नोंदी करण्याचा असल्यामुळे प्रत्येक वेळी काय चालू होतं ते वहीत लिहीत गेले. त्यातून एवढंच निघालं: जड कामाशी याचा संबंध नाही. चित्रांनी भरलेलं जाडजूड पुस्तक पीडीएफ करताना पंखे घोंघावतात, पण मशीन टिकतं. बंद पडतं ते बहुधा मी हात बाजूला ठेवून नुसती वाचत असते तेव्हा. प्रकरण संपवून जरा मागे रेलावं आणि पडदा काळा व्हावा, असंही पुष्कळदा झालंय. दिवसाची वेळ, हवामान, वीज यांत काही सूत्र सापडलं नाही. वीज गेलेली नसते, कारण त्याच यूपीएसवरचा राउटर आणि मॉनिटर चालू असतात.

मदरबोर्ड बदला, असं तिघांनी सांगितलं. असेलही. पण नेमकी चूक कुठे आहे ते न पाहता अख्खं पान पुन्हा टाइप करायला सांगण्यासारखं वाटतं मला ते. कारण शोधायची काही रीत आहे का?


तापलेलं सिलिकॉन:

पत्रे काढले की चालतं, लावले की बंद पडतं. याहून स्पष्ट काय पाहिजे? हवा खेळत नाहीये. सोबत येणारे कूलर यथातथाच असतात. कॅबिनेटला पुढून आत घेणारा एक आणि मागून बाहेर टाकणारा एक असे पंखे लावा, कूलर बदला, विषय संपला. टेबलाखाली कोंदट जागेत ठेवलंय, तेही आधी बाहेर काढा.


मुद्रितशोधिका:

मलाही पहिल्यांदा हेच वाटलं होतं. म्हणून एचडब्ल्यूइन्फो लावून ठेवलं आणि दर दोन सेकंदांचं तापमान फाइलमध्ये उतरवायला सांगितलं. मशीन बंद पडलं तरी तिथवरची फाइल शाबूत राहते. बंद पडण्याआधीच्या शेवटच्या ओळी काढून पाहिल्या. प्रोसेसर ४८ अंश, ग्राफिक्स कार्ड ४१, एसएसडी ४४. पीडीएफ बनवताना हाच प्रोसेसर ७९ वर जातो आणि तेव्हा काही होत नाही. मग ४८ ला त्याला चक्कर का येते?


तापलेलं सिलिकॉन:

४८? मग उष्णता बाद. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंशांची आहे, आणि तिथे पोचला तरी तो थेट बंद होत नाही, आधी वेग कमी करतो. सगळं रडतखडत चालायला लागतं, पंखे बोंबलतात, ते लक्षात आल्याशिवाय राहत नाही. तापून बंद पडण्याची पाळी येते ती त्याही पलीकडे. म्हणजे कूलर नीट टेकलेलाच नाही किंवा लिक्विड कूलिंगचा पंप मेलाय अशा वेळी. तसं असतं तर तुमच्या फाइलमध्ये आकडा काही सेकंदांत उडी मारताना दिसला असता.

पत्र्यांचं कोडं मात्र मलाही सुटत नाही.


सोल्डरधूर:

ताई, नोंदी ठेवल्यात ते झकास केलंत. माझ्याकडे येणारे बहुतेक जण "आपोआप बंद होतं" एवढं एकच वाक्य घेऊन येतात.

यूपीएसचं आधी उरकून घेऊ. राउटर आणि मॉनिटर चालू राहिले म्हणून यूपीएस निर्दोष, असं लगेच धरू नका. ती किरकोळ गिऱ्हाइकं आहेत, थकलेल्या बॅटरीवरही तग धरतात. मशीन काही दिवस यूपीएस वगळून थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवा. तरीही बंद पडलं तर यूपीएसचं नाव काढायचं नाही.

आता मुद्द्याचं. बंद पडणं म्हणजे सगळ्यांच्या बाबतीत एकच गोष्ट नसते, आणि ते कोणत्या जातीचं आहे ते ठरल्याशिवाय पार्ट बदलणं म्हणजे पैसे जाळणं. कधी बाहेरूनच वीज तुटते. सॉकेट सैल, पॉवर कॉर्ड सैल, यूपीएसचा घोळ. अशा वेळी पडदा, पंखे, दिवे सगळं एका फटक्यात जातं. कधी एसएमपीएस स्वतःच हात वर करतो. जास्त करंट, जास्त किंवा कमी व्होल्टेज, शॉर्ट, यांसाठी त्यात संरक्षणं असतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये ती लागू झाली की तो अडून बसतो. समोरचं बटण कितीही दाबा, ढिम्म. मागचा स्विच बंद करून थोडा वेळ थांबून पुन्हा लावला की मगच उठतो.

तिसरी जात लोक विसरतात. एसएमपीएस चालू राहायचं की नाही हे तो स्वतः ठरवत नाही, मदरबोर्ड ठरवतो. २४ पिनांच्या जाड कनेक्टरमध्ये एकच हिरवी वायर असते (आजकालच्या सगळ्या काळ्या वायरींमध्ये रंग दिसणार नाही, पण पिन तीच, १६ नंबरची). मदरबोर्ड ती वायर ग्राउंडला खेचून धरतो तोवर एसएमपीएस चालू. सोडली की बंद. तेव्हा कधीकधी एसएमपीएस ठणठणीत असतो, वीज ठणठणीत असते, आणि मदरबोर्डने फक्त "बंद हो" म्हटलेलं असतं. ते त्याने का म्हटलं, हे शोधायचं असतं.

एसएमपीएस बदलूनही फरक नाही, आणि ४८ अंशांना बंद, म्हणजे मला तिसऱ्या जातीचा संशय आहे. एवढं सांगा:

आधी पडदा काळा होतो की आधी पंखे थांबतात, की दोन्ही एकदम?
बंद पडल्यावर समोरच्या बटणाने लगेच चालू होतो का?
आणि विचित्र वाटेल, पण कुणी हात न लावता हा कधी आपोआप चालू झालाय का?


मुद्रितशोधिका:

यूपीएस वगळून चालवून झालंय, ते लिहायचं राहिलं. थेट भिंतीवरही तेच.

पडदा आणि पंख्यांचं कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. तुमचं वाचल्यावर पंखा लावायचा नाही, काही वाजवायचं नाही, असं करून बसले. आज दुपारी बंद पडलं. आधी पडदा काळा. कॅबिनेटमधला घूं आवाज तसाच. मला वाटलं यावेळी मॉनिटरचंच काही झालं, वाकून त्याची केबल बघायला लागले, आणि तेवढ्यात आतून "टक्" आवाज होऊन पंखे थांबले. मध्ये तीन-चार सेकंद नक्की गेले असतील.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कधी हो कधी नाही. कधी पहिल्या दाबाला चालू होतो. कधी बटण दाबून दाबून बोट दुखतं, काही होत नाही, आणि वैतागून कॅबिनेटला एक थाप मारली की मग त्याच बटणाने सुरू. मागच्या स्विचला मी हात लावत नाही.

तिसरं वाचून मात्र अंगावर काटा आला. हो, झालाय. सकाळी टेबलाखाली झाडून झालं आणि मी येऊन बसले तर मशीन चालू, पासवर्ड मागत होतं. घरातल्यांना विचारलं, सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मी ते विंडोज अपडेटच्या खात्यावर टाकून मोकळी झाले.

आणखी एक. याच्याशी संबंध असेल असं वाटत नाही, तरी सांगते. कधीकधी हे बंद न पडता नुसतं झोपतं. म्हणजे स्लीपमध्ये जातं, माउस हलवला की सगळं जसंच्या तसं समोर. सेटिंगमध्ये स्लीपची वेळ मी "कधीच नाही" अशी ठेवली आहे. तो मी वेगळा आजार समजत होते.


लॉगवाचक:

सोल्डरधूर, तुम्ही कुठे निघालात ते कळलं 🙂 पण ताईंना तर्कावर ठेवायला नको, विंडोजकडे याची लेखी नोंद असते.

ताई, असं करा. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधून उघडा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्याखाली सिस्टिम. उजवीकडच्या फिल्टरमध्ये इव्हेंट आयडीच्या जागी ४१ टाका. स्रोत कर्नेल-पॉवर असलेल्या लाल नोंदी दिसतील. नीट बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं की विंडोज ही नोंद करतं. "कर्नेल-पॉवर ४१ म्हणजे एसएमपीएस गेला" असं जे सर्रास सांगितलं जातं ते चूक आहे. ४१ म्हणजे फक्त "मला निरोप न घेता जावं लागलं" एवढंच. कारण आत असतं.

त्या नोंदीवर क्लिक करून खालचा डिटेल्सचा टॅब उघडा. तिथे दोन ओळी बघायच्या. पहिली बगचेककोड. तिथे शून्याखेरीज काही असेल तर निळा पडदा येऊन गेलाय, तुम्हाला दिसला नाही इतकंच. मग ड्रायव्हर, रॅम यांच्या मागे लागायचं. दुसरी ओळ पॉवरबटणटाइमस्टॅम्प. तिथे बहुतेकांना शून्य दिसतं. बगचेकही शून्य आणि हेही शून्य, तर वीज तुटली किंवा मशीन पार गोठलं. पण दुसऱ्या ओळीत शून्याऐवजी लांबलचक आकडा असेल, तर विंडोजच्या मते कुणीतरी पॉवर बटण दाबून धरलं होतं.

मग तोच फिल्टर ४२ वर लावा. स्लीपमध्ये जाताना ही नोंद होते आणि त्यात "स्लीप रीझन" लिहिलेलं असतं. आपोआप झोपणाऱ्या वेळांना तिथे काय आहे ते सांगा.

शिवाय पॉवर ऑप्शन्समध्ये "पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावं" याला तुमच्याकडे काय लावलंय तेही बघा.


मुद्रितशोधिका:

बघितलं. वही मांडीवर घेऊन एकेक नोंद ताडून पाहिली.

४१ च्या सगळ्या नोंदींत बगचेककोड शून्य. पॉवरबटणटाइमस्टॅम्प एकीतही शून्य नाही, अठरा आकडी संख्या आहे. ४२ च्या नोंदींत जिथे जिथे मशीन आपणहून झोपलं, तिथे "बटण ऑर लिड" असं कारण. लिड, म्हणजे लॅपटॉपचं झाकण, माझ्याकडे नाही, तेव्हा बटणच.

पॉवर बटणाला स्लीप लावलेलं आहे.

पण मी बटण दाबत नाही हो! ते कॅबिनेटच्या वरच्या कडेला आहे, हाताच्या टप्प्यातही नाही. मांजर नाही, लहान मूल नाही. दाबतंय कोण?


सोल्डरधूर:

कुणीच नाही, आणि तरी मदरबोर्डला दाबल्यासारखं वाटतंय.

पॉवर बटण म्हणजे काय, तर दोन बारीक वायरी आणि त्यांना क्षणभर एकमेकींना टेकवणारी एक यंत्रणा. त्यातून वीजपुरवठा जात नाही, फक्त इशारा जातो. त्या दोन वायरी वाटेत कुठेही टेकल्या तरी मदरबोर्डच्या दृष्टीने बटण दाबलंच. आता तुमची सगळी लक्षणं लावून बघा. वायरी क्षणभर टेकल्या, स्लीप. टेकून राहिल्या, तर आधी स्लीपची तयारी म्हणून पडदा काळा, आणि चार सेकंद झाले की सक्तीने बंद. हे चार सेकंदांचं काम विंडोज करत नाही, खाली हार्डवेअरच करतं, म्हणून फाइल सेव्ह करा वगैरे विचारण्याचा प्रश्नच नाही. बंद असताना टेकल्या, तर मशीन आपोआप चालू. आणि बंद पडल्यावरही टेकलेल्याच राहिल्या तर तुम्ही बटण दाबलेलं त्याला कळतच नाही, कारण त्याच्या लेखी ते आधीपासून दाबलेलंच आहे. थाप मारली, वायरी सुटल्या, बटण पुन्हा चालायला लागलं. तुमचे दोन-तीन आजार म्हणजे एकच आजार आहे.

आता हे बटणातच आहे की वाटेत, ते शोधायचं. मशीन बंद करा, मागचा स्विच बंद, कॉर्ड काढा. डाव्या बाजूचा पत्रा काढून मदरबोर्डच्या खालच्या कडेला बघा, बहुधा उजव्या कोपऱ्यात पुढच्या पॅनेलच्या वायरींचा छोटा पिनांचा समूह असतो, शेजारी एफ-पॅनेल किंवा तसंच काही छापलेलं. त्यातला पॉवर-एसडब्ल्यू लिहिलेला दोन पिनांचा प्लग ओढून काढा. त्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवा, नाहीतर परत लावताना दिव्याच्या वायरींशी झटापट होते. मग दोन्ही पत्रे लावून नेहमीसारखं वापरा.

"चालू कसं करू?" तर पत्रा लावायच्या आधी, कॉर्ड जोडून, उघड्या पडलेल्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. तिथे पाच व्होल्टच्या वर काही नसतं, झटका बसत नाही. टोक फक्त त्या दोनच पिनांना लागेल एवढं बघा. एकदा चालू झालं की विंडोजमधून स्लीप द्या, माउसने उठवा, बंद करायची गरज नाही.

प्लग काढल्यावर बंद पडणं थांबलं तर मदरबोर्ड निर्दोष सुटला.


पक्कड:

स्क्रूड्रायव्हरची कसरत नको असेल तर जुनी युक्ती: रीसेटचा प्लग काढून तो पॉवरच्या पिनांवर लावा. दोन्ही बटणं आतून सारखीच असतात. म्हणजे रीसेटचं बटण तुमचं पॉवर बटण झालं, आणि संशयित वायरी लटकत ठेवता येतात. बटणांच्या प्लगला उलट-सुलट नसतं, कसेही लावा. दिव्यांच्या प्लगला असतं, पण तिथेही चुकलं तर दिवा लागत नाही एवढंच.

मात्र रीसेट आणि पॉवरच्या वायरी बहुधा एकाच जुडीतून येतात. जुडीच कुठे चेंगरली असेल तर रीसेटवालीही दुखावलेली असू शकते. मग मशीन बंद पडायच्या ऐवजी धाडकन रीस्टार्ट व्हायला लागेल. घाबरू नका, तो त्याच रोगाचा पुरावा समजा.


मुद्रितशोधिका:

रीसेटवाली युक्ती केली. पत्रे लावले, जागेवर ठेवलं, कामाला लागले. पूर्ण आठवडा! एकदाही बंद नाही, झोपणं नाही, भुतासारखं आपोआप उठणं नाही. मध्ये मुद्दाम कॅबिनेटला थापाही मारून पाहिल्या.

मग राहवेना, वायरी कुठे दुखावल्यात ते बघायचंच ठरवलं. मशीन बंद करून दोन्ही पत्रे काढले. डाव्या बाजूने सगळं चकाचक, दुरुस्तीवाल्यानेही तिथेच बघितलं असणार. उजव्या पत्र्यामागे, मदरबोर्डच्या पाठीमागे, केबलींचा सगळा पसारा असतो. तिथे २४ पिनांची जाड केबल पुढच्या बाजूने वर गेली आहे आणि तिच्या पाठीवरून पुढच्या पॅनेलची बारीक जुडी तिरकी टाकलेली. म्हणजे पत्रा लावला की सगळ्यात फुगलेली जागा नेमकी तीच. पत्र्याच्या आतल्या कडेला घडी घातलेली पट्टी आहे, ती या जुडीवर बसत होती. पत्रा लावताना तिथे नेहमी जोर लावावा लागायचा, हे आता आठवतं.

भिंग घेऊन पाहिलं (धंद्याचं हत्यार, घरात असतंच). काळ्या आणि पांढऱ्या वायरीवर एकाच रेषेत चपटा व्रण. पांढरीचं आवरण नखाएवढ्या लांबीत फाटलेलं आणि आत तांब्याचे तीन-चार केसासारखे तंतू बाहेर आलेले, एक तर काळीच्या चिरेत शिरलेला. नुसतं बघून वाटलं नसतं की एवढ्याशा गोष्टीने इतका छळ मांडला असेल.

मल्टीमीटर शेजाऱ्यांकडून आणला. कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जुळलेली असली की बीप वाजतो, त्या सेटिंगवर) लावून दोन्ही पिना प्लगला टेकवल्या. शांत. मग व्रणाच्या जागी अंगठ्याने हलकं दाबलं आणि बीप! अंगठा काढला की गप्प.

आणि माझ्या वहीतलं कोडंही सुटलं. कॅबिनेट डाव्या पायाशी आहे, म्हणजे त्याचा उजवा पत्रा माझ्याकडे. काम करताना मी पुढे झुकलेली असते, पाय खुर्चीखाली. वाचायला लागले, मागे रेलले की पाय पसरतात आणि गुडघा त्या पत्र्याला टेकतो. सकाळी टेबलाखाली झाडताना केरसुणी तिथेच लागते. दुरुस्तीवाल्याकडे पत्राच नव्हता आणि गुडघाही नव्हता.

वायरी कापून, तंतू पिळून जोडले, प्रत्येकीवर वेगळी हीटश्रिंक नळी चढवली, आणि जुडी जाड केबलवरून काढून खालच्या मोकळ्या खाचेतून नेऊन टायने बांधली. पत्रा आता एका बोटाने सरकतो. पॉवरचा प्लग पुन्हा आपल्या जागी.

सोल्डरधूर, लॉगवाचक, पक्कड, सगळ्यांचे मनापासून आभार. काढलेला जुना एसएमपीएस सुद्धा चांगलाच होता, हे मात्र जिव्हारी लागलं.


तापलेलं सिलिकॉन:

गुडघा! माझ्या आयुष्यातला सगळ्यात थंड ओव्हरहीटिंगचा किस्सा. जुना एसएमपीएस फेकू नका, जवळ असू द्या. पुढच्या वेळी कुणावर संशय आला तर तुलनेला बरा.


सोल्डरधूर:

व्वा! दाबून बीप वाजवलात ते फार आवडलं. नुसतं प्लग काढून "बरं झालं" म्हणणारे पुष्कळ, जागा दाखवणारे थोडे.

एक बारीक सूचना. पॉवर ऑप्शन्समध्ये बटणाला "काहीच करू नका" लावून ठेवलंत तर चुकून दाब पडला तरी मशीन झोपणार नाही. चार सेकंदांचं सक्तीचं बंद मात्र त्याने थांबत नाही, ते सेटिंगच्या हाताबाहेर आहे.


रात्रपाळी:

मी पण याच चक्रात अडकलोय राव. माझं मशीन गेम सुरू झाला की काही मिनिटांत रीस्टार्ट होतं. वरचं वाचून लगेच ४१ उघडली. बगचेककोड शून्य, बटणाचा आकडा पण शून्य. ६५० वॅटचा एसएमपीएस, कार्ड बऱ्यापैकी दांडगं, त्याला ८ पिनांची दोन सॉकेट आहेत. साध्या वापरात दिवसभर काही होत नाही. वायरीच बघू का?


सोल्डरधूर:

बघा, पण वेगळ्या. तुमच्यात बटणाचा हात नाही, तो शून्य म्हणजे तो सुटला. तुमचं भाराशी जोडलेलं आहे आणि बंद न पडता रीस्टार्ट होतंय, म्हणून संशय एसएमपीएस आणि कार्डाच्या मधल्या टप्प्यावर.

दांडगी कार्डं सरासरीत जेवढं खातात त्याच्या दुप्पटसुद्धा क्षणभर ओढतात, एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ. साध्या वॅट मोजणाऱ्या मीटरला ते दिसत नाही. एसएमपीएसला मात्र दिसतं आणि तो गडबडतो. २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे एसएमपीएससाठीचं नवं मानक आलं त्यात यासाठीच अट घातली, की एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. त्याआधीचे बरेच एसएमपीएस हा विचार करून बांधलेले नसतात, वॅट कागदावर पुरेसे असले तरी.

खर्च करायच्या आधी दोन गोष्टी. कार्डाच्या दोन सॉकेटांना एकाच केबलची दोन तोंडं लावली असतील तर ती काढून एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबली लावा. ८ पिनांच्या एका सॉकेटमागे १५० वॅट धरलेले असतात, दोन्हींचा भार एकाच केबलवर कशाला? केबल काढलीच आहे तर प्लगच्या पिना उजेडात धरून बघा, एखादी तपकिरी पडलेली किंवा प्लास्टिक मऊ होऊन बसलेलं दिसलं तर तिथेच थांबा, तो प्लग परत लावू नका. केबली त्याच एसएमपीएसच्या डब्यातल्या हव्यात. मॉड्युलर केबलीचं एसएमपीएसकडचं तोंड दिसायला सारखं असतं, पण पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही, वेगळा असतो. चुकीची लावली तर कार्ड जळतं.

दुसरं, कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम तेवढाच वेळ खेळा. टिकलं तर एसएमपीएसकडे बोट जातं. तरीही रीस्टार्ट झालं तर रॅमचं एक्सएमपी (तिला जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून बघा, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरच्या १८ नंबरच्या नोंदी आहेत का ते शोधा. त्या असल्या तर प्रोसेसरनेच हार्डवेअरचा एरर पकडलेला असतो आणि तपास तिकडे वळवावा लागतो.

सगळं एकदम करू नका. आधी केबली, मग लिमिट. प्रत्येक वेळी काय झालं ते ताईंसारखं लिहून ठेवा.


रात्रपाळी:

एकच केबल, दोन तोंडं. आत्ताच बघितलं. दुसरी केबल डब्यात सीलबंद पडून आहे. लावतो आणि उद्या सांगतो.